बिनअंगठ्याचं पाऊल

लिंबाजीमामा पेरणीची तिफण धरून रानात उतरला की हातातली कामं टाकून दोन-चार माणसं बांधावर येऊन बसायची. तसं त्यात बघण्यासारखं काय होतं, हे मला अजूनही सांगता यायचं नाही. एक उंच, वाळका माणूस, दोन बैल, आणि मागं दोरीनं बांधलेल्या मोघ्यातून, म्हणजे बी सोडायच्या नळीतून, करडई सोडत चाललेली त्याची बायको दगडाबाई. पण तिफण या बांधापासून त्या बांधाला लागली की मागं जे तीन तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, उमटायचे, ते बघून माणूस गप्प व्हायचा. दोरी धरून आखले असते तरी एवढे सरळ आले नसते.

ज्यांनी शेती केली नाही त्यांना वाटेल, तास सरळ असला काय नि वाकडा असला काय, ज्वारीला थोडंच कळतं. ज्वारीला नाही कळत, कोळप्याला कळतं. पुढं महिन्याभरानं तण काढायला ओळींच्या मधून कोळपं चालवायचं असतं. ओळ वाकली की कोळप्याची लोखंडी पास तणाऐवजी ताटंच कापत जाते. म्हणून झरीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात पेरणीचा पहिला मान लिंबाजीमामाचा. त्याचं स्वतःचं रान पाच एकर, ते तो सगळ्यांत शेवटी पेरायचा. माझ्या रानात तर तो वीस वर्षं पेरत होता, माझे वडील होते तेव्हापासून. मी, किशनराव, त्याच्याहून वयानं बराच लहान होतो. अकलेनं किती लहान होतो ते पुढं येईलच.

निजामाचं राज्य होतं आणि लांब कुठंतरी मोठी लढाई चालू होती, त्या सालची गोष्ट.

तेव्हा दोन वर्षांपासून मामाच्या उजव्या पायाचा अंगठा दुखत होता. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही सगळं मागाहून कळलं, थोडं त्याच्याकडून, पुष्कळसं दगडाबाईकडून. दुखणं तरी धड असावं. ठेच लागली नव्हती, काटा मोडला नव्हता, नख जागच्या जागी होतं. पण अंगठा मुळाशी धरला होता. बाकीची चार बोटं वर-खाली व्हायची, हा आपला ताठ. हातानं वर उचलायला गेलं की सांध्यात कळ उठायची ती थेट पिंढरीपर्यंत. सकाळी उठून पहिली पाच पावलं टाकताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. उकिडवं बसलं की टाच उचलते आणि भार अंगठ्याच्या मुळावर येतो, म्हणून त्यानं उकिडवं बसणंच सोडलं होतं. चावडीत आला की तो पाय पसरून बसायचा आणि आम्ही म्हणायचो, मामा म्हातारा झाला.

उपाय झाले, पण प्रत्येक उपायाबरोबर दुखण्याचं नाव बदललं. पाथरीच्या बाजारातल्या वैदूनं वात म्हणून तेल दिलं. दगडाबाईच्या भावानं आत जुना काटा आहे असं ठरवलं आणि सुईनं कोरकोर कोरून काही निघेना तेव्हा म्हणाला, लय खोल गेलाय. कुणीतरी बिब्ब्याचा चटका दिला. त्यानं वरची कातडी भाजली आणि अंगठा होता तसाच राहिला. शेवटी मामा परभणीच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी अंगठा दोन बोटांत धरून हलवला, मामा कळवळला, आणि डॉक्टर म्हणाले, "जोड घिस गया है. हड्डी बढ़ी है. चलना कम करो और सख़्त तले का जूता पहनो."

मामाचं उर्दू बेताचं, पण एवढं त्याला कळलं. कळलं म्हणूनच तो जास्त घोटाळला. घरी येऊन दगडाबाईला म्हणाला, "घिसलंय म्हणतो आन् वाढलंय बी म्हणतो. घिसलं तर वाढंल कसं? आन् ह्या वयात माझं हाड कशापायी वाढायलंय?"

"जोड्याचं काय म्हणले?"

"जोडा घाल म्हणं. जोडा घालून तिफणीमागं कोण चालतंय का?"

डॉक्टरांनी दुसऱ्याच कुणाचा तरी पाय बघितला असावा, अशी त्यानं मनाची समजूत करून घेतली आणि त्या वर्षीची पेरणी सुरू केली.

त्याच वर्षी तास वाकायला लागले. फार नाही. बांधापासून निघताना सरळ, पन्नासेक पावलांनंतर जरासे उजवीकडं झुकलेले. माझ्या रानातला शेवटचा तास एका टोकाला बांधाला चिकटून होता आणि दुसऱ्या टोकाला बांध हातभर लांब राहिला होता. आता लिंबाजीमामाचा तास वाकडा असणं शक्यच नाही, तेव्हा बांधच सरकलाय, असा मी निकाल लावला आणि शेजारच्या सिद्रामप्पांशी भांडलो. सिद्रामप्पा लिंगायत वाणी, दुकान सांभाळून शेती करणारा सज्जन माणूस. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून ते सांगत होते की मी बांध कोरला नाही. मी ऐकलं नाही. सहा महिने आमचं बोलणं बंद होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं नाचणारा वेगळा आणि अंगणाला शिव्या देणारा वेगळा.

मामा मात्र बांधाला दोष देत नव्हता. त्याला तास दिसत होता आणि कारण दिसत नव्हतं. त्यानं डावा बैल उजवीकडं जुंपून बघितला. सुताराकडं जाऊन तिफणीचे फण ठोकून घेतले, मग परत जाऊन तेच फण सैल करून घेतले. सुतार वैतागला. मामा मला पुढं म्हणाला होता, "समोरचं झाड धरायचं आन् चालायचं, जलमभर हेच केलं. तेच झाड, तेच बैल. मंग तास भलतीकडं कसा जायलाय?" पायाचं दुखणं आणि तासाचं वाकणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पाय घरातलं दुखणं, तास रानातलं.

दुसऱ्या वर्षी हस्त नक्षत्राच्या पेरणीला तो माझ्या रानात उतरला तेव्हा त्यानं नवीच खोड लावून घेतली. भल्या पहाटे, तांबडं फुटायला, एकटाच रानात यायचा आणि माझ्या विहिरीच्या धावेवर, म्हणजे मोटेचे बैल जिथून उतरतात त्या उंचवट्यावर, उभा राहायचा. तिथून अख्खं रान दिसतं. आदल्या दिवशीचे तास किती वाकले ते बघायचा आणि कुणी उठायच्या आत घरी जायचा.

आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी मोट चोरीला गेली.

नवी कोरी चामड्याची मोट. तेल पाजून विहिरीवरच्या छपरात ठेवलेली. सकाळी गेलो तर छप्पर रिकामं. लढाईमुळं चामडं मिळणं मुश्कील झालेलं, त्यामुळं माझं डोकं फिरलं. पाटलांना सांगून मी शेजारच्या गावच्या चंद्रभानला बोलावून घेतलं. चंद्रभान जागल्या, म्हणजे गावचा राखणदार, माग काढण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पावलावरून माणूस तहानलेला होता की जेवलेला ते सांगतो, असं लोक म्हणत, आणि तो ते नाकारत नसे.

चंद्रभाननं धावेभोवती दोन फेऱ्या मारल्या. ओल्या काळ्या मातीत पावलं चांगली उठली होती. तेवढ्यात मामा पुढं होऊन म्हणाला, "मी बी आलतो पहाटं. बैल सुटला व्हता, त्यो बघाया. माझी पावलं वगळा."

"पाय दावा, मामा."

मामानं दोन्ही पाय दाखवले. चंद्रभाननं बघून घेतले आणि पुन्हा मातीवर वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग उभा राहून म्हणाला, "पाटील, चोराच्या उजव्या पायाला अंगठा न्हाई."

आम्ही सगळे वाकलो. खरंच होतं. टाच, बाहेरची कड, चार बोटं, आणि अंगठ्याच्या जागी सपाट माती. असं एक नाही, दहा-बारा पावलं होती, सगळी उजवी.

"आन् डावा?" पाटलांनी विचारलं.

इथं चंद्रभान जरा अडला. डावी पावलं होती, पण ती मामाची निघाली. आणि मामाचं उजवं पाऊल काही कुठं सापडेना. चोराचा नुसता उजवा पाय आणि मामाचा नुसता डावा. दुसरा कुणी असता तर तिथंच घोटाळला असता. चंद्रभान पडला नामांकित. त्यानं डोकं खाजवलं आणि सांगितलं, "चोर लय हुशार हाय. मामाच्या मागनं आला. डावा पाय मामाच्या डाव्या पावलात टाकीत गेला, आन् उजव्यानं मामाचं उजवं पाऊल मोडीत गेला."

आणि आम्ही माना डोलावल्या. आज आठवलं की मला माझ्याच मानेची लाज वाटते. मामानं तर घरून कोंबड्यांचं डालगं आणलं आणि त्यातल्या त्यात स्पष्ट पाऊल होतं त्यावर स्वतःच्या हातानं पालथं घातलं, पाऊस आला तर पुरावा पुसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी दवंडी देऊन सगळ्या बाप्यांना चावडीवर बोलावलं. एकेकानं उजवा पाय पायरीवर ठेवायचा आणि चंद्रभाननं बोटं मोजायची. गावात किती तऱ्हेचे पाय असतात ते मला त्या दिवशी कळलं. कुणाचं नख काळं, कुणाची टाच भेगाळलेली, एकाला चक्क सहा बोटं निघाली आणि त्यालाच उगीच संशयित धरून अर्धा तास बसवून ठेवलं. अंगठा मात्र सगळ्यांना होता. मामानंही पाय ठेवला. चंद्रभान हसून म्हणाला, "जावा मामा, तुमचा कालच बगितलाय."

तिसऱ्या दिवशी चोर सापडला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

नागप्पा म्हणून पाथरीकडचा एक लिंगायत फेरीवाला होता. तट्टावर तंबाखू, सुपारी, सुंठ असलं घालून गावोगाव फिरायचा. हस्तात आठ-दहा दिवस आमच्या आसपास असायचा. पायात कायम जाड चामड्याचा जोडा. त्या दिवशी सोमवार होता, तो महादेवाच्या देवळात गेला आणि जोडा बाहेर काढून ठेवला. देवळातून बाहेर येताना कुणाची तरी नजर त्याच्या पायावर गेली. उजव्या पायाला अंगठा नव्हता.

दुपारपर्यंत तो चावडीत खांबाला टेकून बसलेला होता, हात दोरीनं बांधलेले. तो परोपरीनं सांगत होता, "आवं, बिनजोड्याचं मला धा पावलं चालवत न्हाई. मी चिखलात जोडा काढून कशाला जाऊ? आन् मोट घेऊन काय करू?" कोण ऐकतो. पाटलांनी जबानी लिहून घेतली आणि कागद त्याच्यापुढं सरकवून म्हणाले, "अंगठा लाव."

नागप्पा घाबरून रडायलाच लागला. "अंगठा न्हाईच हो मला. लहानपणीच गाडीच्या चाकाखाली गेला."

"हाताचा रे."

पण तोवर चावडीभर झालं होतं, बघा, स्वतःच कबूल झाला. लिहिणाऱ्यानं तेही वाक्य खाली लिहून घेतलं. उद्या परभणीहून पोलिसांचे अमीनसाहेब येणार होते, आणि त्यांची विचारपूस नुसत्या तोंडानं होत नसे. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून वापरत आलो होतो. फास तयार करणाऱ्यांत आपण असतो तेव्हा ती आठवत नाही. मी घरी जाऊन पोटभर जेवलो.

दगडाबाईला मात्र तीन दिवस अन्न गोड लागत नव्हतं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिचं काम मोघ्याचं, नवऱ्याच्या मागं चार पावलांवर, मान खाली घालून. नवरा कसा दिसतो यापेक्षा त्याची पावलं कशी दिसतात हे तिला जास्त पाठ होतं. गेल्या वर्षापासून त्याच्या उजव्या पावलात अंगठा उमटत नव्हता, हे ती रोज बघत होती. दुखरा पाय आहे, जपून टाकत असेल, एवढंच तिला वाटायचं. चंद्रभान 'अंगठा न्हाई' म्हणाला तेव्हाच ते पाऊल कुणाचं हे तिनं ओळखलं. तरी ती बोलली नाही. नवऱ्यावर चोरी यायची, नाही तर पाय अधू म्हणून पेरणीचा मान जायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण बांधलेला माणूस चावडीत बसलाय म्हटल्यावर तिला झाकवेना.

त्या दुपारी बांधावर भाकरी सोडता सोडता ती म्हणाली, "अवं, त्यो पाय तुमचा हाय."

"कुठला?"

"डालग्याखालचा."

मामानं आधी पायाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "येडी का काय तू. मला अंगठा हाय की."

"हाय. पर टेकत न्हाई."

तो उठला, पेरलेल्या रानात दहा पावलं चालून आला आणि बोट दाखवलं. पावलात अंगठा होता, फिकट, पण होता. "ह्ये बघ." दगडाबाईनं बघितलं आणि काही वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "उद्या अमीन त्याचे पाय फोडील. पाय दुखला म्हंजी काय व्हतंय, ते गावात तुमच्याइतकं कुणाला ठावं हाय?"

मामा भाकरी तशीच ठेवून बसून राहिला. दगडाबाई खोटं बोलत नसे. पाऊलही खोटं बोलत नसतं. मग दोघांतलं खरं कोण, हे त्याला काही केल्या कळेना. तो मला पुढं म्हणाला, "माझाच पाय, आन् मलाच गवाही देईना." त्याला जर खात्री झाली असती आणि मग तो चावडीवर आला असता, तर मी त्याला चांगला माणूस म्हटलं असतं आणि विसरलो असतो. तो खात्री नसताना आला.

चावडीवर आम्ही बरेच जण होतो. मामा पायरीपाशी उभा राहून म्हणाला, "पाटील, ह्याला सोडा. माझी बायको म्हनती, त्यो पाय माझा हाय. मला कळायला न्हाई. पर बघून घ्या एकदा."

हसू झालं. चंद्रभान हसला नाही. त्यानं विचारलं, "मामा, तुमी त्या दिशी बैल बघाया आलता ना?"

मामा म्हणाला, "न्हाई. बैल दावणीलाच व्हता. मी तास बघाया येत व्हतो. रोज."

"तासात काय बघायचं?"

"वाकडे व्हायलेत."

एवढे दोन शब्द बोलायला त्याला किती जड गेलं असेल ते मला त्या वेळी कळलं नाही. मी मध्येच म्हणालो, "मामा, काहीतरी बोलू नका. तुमचा तास आणि वाकडा?" सिद्रामप्पा पलीकडं बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

पाटलांनी अंगणात पाणी टाकून माती भिजवायला सांगितली आणि मामाला चालवलं. सगळं गाव बघतंय म्हटल्यावर तो एकेक पाऊल विचार करून टाकत गेला. अंगठा उमटला. चंद्रभाननं मान हलवली, "ह्यो त्यो पाय न्हाई." नागप्पानं खांबाला डोकं टेकून डोळे मिटले. मामा आपल्याच पावलांकडं बघत उभा राहिला, अगदी बावचळून.

तेव्हा भिंतीच्या आडोशाला उभी असलेली दगडाबाई बाप्यांच्या देखत बोलली. पदर तोंडावर धरलेला, पण आवाज स्वच्छ. "आसं चालवून कळायचं न्हाई. ह्यांच्या हातात तिफण द्या."

विहिरीकडचा माझा एक तुकडा पेरायचा राहिला होता. सगळे तिकडं गेलो. नागप्पालाही बांधल्या हातानं चालवत नेलं. बैल जुंपले, दगडाबाईनं मोघा धरला. गोष्ट आता सरळ होती. पावलात अंगठा उमटला तर नागप्पा अमीनाच्या हाती जाणार, नाही उमटला तर तो सुटणार. आणि काही झालं तरी मामाचा तास अख्ख्या गावादेखत पडणार. मामानं रुमणं, म्हणजे तिफणीचा उभा दांडा, धरलं, समोरच्या लिंबाकडं बघितलं आणि बैलांना आवाज दिला.

पहिली आठ-दहा पावलं तो पायाचा विचार करत असावा. पावलात अंगठा दिसत होता. मग बियाण्याच्या चाड्यावर त्याची मूठ सैल झाली, दाणे पडायला लागले, बैल लयीत आले आणि तो आम्हाला विसरला, पायाला विसरला. मला तो क्षण त्याच्या पाठीवरून कळला. चंद्रभान वाकून मागं मागं चालला होता, तो विसाव्या पावलावर थबकला आणि मातीत बसला. हातातल्या काडीनं त्यानं पाऊल मापलं, उठून डालग्याकडं गेला, डालगं उचललं, तिथलं मापलं. परत आला आणि कुणाकडंही न बघता म्हणाला, "सोडा त्याला. मी चुकलो."

नागप्पाच्या हाताची दोरी मीच सोडली. तो मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. मोट मामानं नेली असेल, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. त्या बाबतीत तरी गावाची अक्कल शाबूत होती. मोट कोणी नेली ते आजतागायत कळलेलं नाही; खऱ्या चोराची पावलं रात्रीच्या सरीनं पुसून टाकली असावीत.

नागप्पाकडं बघायचं सोडून लोक आता रानाकडं बघत होते. मामा थांबला नव्हता. तास अर्धा सोडून थांबत नसतात. कलती कलती तिफण उजवीकडं निघाली होती आणि तीन ओळी तिच्या मागं वाकत चालल्या होत्या. मामा अंगठा वाचवायला पायाची बाहेरची कड टेकत, अंग त्या अंगाला टाकत चालला होता. आता कारण माहीत झाल्यावर एखाद्या पोरालाही दिसलं असतं. कुणी हसलं नाही. सिद्रामप्पा माझ्या शेजारी उभे होते, ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

पलीकडच्या बांधाशी मामानं बैल थांबवले आणि मागं वळून बघितलं. मी तिथवर गेलो. का गेलो ते मला माहीत नाही. काहीतरी बोलावं असं वाटत होतं. मामा तासांकडं बघत होता. दोन हंगाम न सुटलेलं कोडं त्याच्यापुढं मातीत उलगडून पडलं होतं, आणि त्याच्या तोंडावर ते उलगडल्याचा आनंद नव्हता, नुसता गोंधळ होता, घर चुकलेल्या माणसाचा असतो तसा.

"पाय व्हय," तो म्हणाला. "आन् मी सुताराला बोलत व्हतो."

मग तो माझ्याकडं वळला.

"किशनराव, ऱ्हायलेला तुकडा दुसऱ्या कुणाकडनं पेरून घ्या."

मामा, वाकडा तर वाकडा, माझं रान तुम्हीच पेरा, असं म्हणायला मला काय झालं होतं? वीस वर्षं या माणसानं माझ्या घरचं बियाणं मातीत घातलं होतं. शब्द तोंडाशी आले होते, खोटं नाही सांगत. पण मी त्या वाकलेल्या ओळींकडं एकदा बघितलं आणि म्हणालो, "बरं."

तोवर त्याचा हात रुमण्यावरच होता. हे माझ्या लक्षात आलं ते त्यानं हात काढून घेतल्यावर.